आज्ज्याची दुनळी नेमकी कुठली, कसं ओळखायचं

आमच्या खानापूरकडं कुणाकुणाच्या घरात लायसनची जुनी दुनळी बंदूक असतीय, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "विलायती हाय." वर कोरलेल्या नावावर जाऊ नका, ते पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचंच असतंय. आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत का बघा, मग पुढची लाकडी मूठ काढून नळ्या वेगळ्या करा आणि उलट्या धरा, घोड्याकडच्या टोकाला खालचा भाग सपाट असतोय तिथं खरी जन्मपत्रिका हाय, म्हणजे नळीच्या चाचणीचे शिक्के. अंडाकृतीत ईएलजी अक्षरं आणि खाली चांदणी म्हणजे बेल्जियमच्या लीएजची, अंड्यावर मुकुट असला तर 1893 नंतरची. इंग्लिश नळीवर 'नॉट फॉर बॉल' (म्हणजे एकसंध गोळीसाठी नाही) असलं तर 1875 ते 1887 मधली. मळ बसलाय म्हणून पॉलिश पेपर अजिबात मारू नका राव, शिक्केच जातात, रॉकेलचं फडकं फिरवून वर खडू घासला की अक्षरं उठतात, मग तिरक्या उजेडात फोटो काढायचा. सिरीयल नंबर चापाच्या कडीवर नाहीतर तिच्या मागच्या पट्टीवर सापडतोय, तो लायसनच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळवून बघा. मेकर आणि नंबर दोन्ही हातात आले तरच मॉडेलचं बोलायचं. आणि हो, डमास्कस म्हणजे वळ्यावळ्याची नक्षी असलेली नळी दिसली तर आजचं काडतूस घालून बघायची हौस नको.