सपाट किंवा उंच कमानीच्या पावलांसाठी आधार देणारा बूट कसा घडवावा

कमानीला आधार द्यायचा म्हटलं की बहुतेक जण बुटात आतल्या बाजूला एक उंचवटा चिकटवतात आणि काम संपलं असं समजतात. माझा पहिला जोड असाच होता. सपाट तळव्याच्या एका गृहस्थांसाठी मी १८ मिलिमीटरचा कडक उंचवटा बसवला. तिसऱ्या दिवशी ते बूट हातात आणि जुन्या चपला पायात घालून आले. तळव्याच्या मध्यावर नखाएवढा लाल चट्टा पडला होता आणि घोटा मात्र पूर्वीइतकाच आत ढळलेला. माझ्या उंचवट्याने काही उचललं नव्हतं, नुसतं टोचलं होतं.

तेव्हापासून मी टाचेपासून सुरुवात करतो. टाच सरळ धरली की लवचीक पावलाची कमान बरीचशी आपणहून वर येते. टाच मोकळी सोडून मध्येच टेकू लावला, तर पाऊल त्या टेकूवरून घरंगळतं. पुढचा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

आधी जुने बूट बघा

मापं घेण्याआधी माणसाला त्याचे सगळ्यात झिजलेले बूट आणायला सांगा. लोकांना लाज वाटते, ते नवे घालून येतात. नव्या बुटातून काहीच कळत नाही.

जुना जोड टेबलावर डोळ्यांच्या रेषेत ठेवून मागून पाहा. टाच मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात थोडी झिजलेली असणं अगदी सामान्य आहे. टाचेची आतली कड झिजली असेल आणि मागची भिंत आत कलली असेल, तर पाऊल कोसळतं आहे. उलट, टाचेपासून करंगळीपर्यंत बाहेरची कड सलग झिजली असेल, तर बहुधा उंच कमान आहे.

मग पाऊल पाहा. तळवा ओला करून जाड खाकी कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं करा आणि ठशाची कड लगेच पेन्सिलीने गिरवा. बोटं सोडून उरलेल्या ठशाचे लांबीत तीन सारखे भाग पाडा. मधल्या भागाच्या क्षेत्रफळाला या बोटांविना ठशाच्या संपूर्ण क्षेत्रफळाने भागा. आलेखाच्या कागदावर चौकोन मोजले तरी भागतं. कॅव्हानाह आणि रॉजर्स यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या या निर्देशांकात ०.२१ पर्यंत उंच कमान, ०.२६ आणि त्यापुढे सपाट पाऊल धरतात. एक सावधगिरी मात्र हवी. अंगाने स्थूल माणसाचा ठसा तळव्यातल्या चरबीमुळे भरलेला दिसतो, आत कमान शाबूत असली तरी.

म्हणून माझा जास्त भरवसा चवड्यांवर उभं करून पाहण्यावर आहे. माणसाला भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभं करा आणि मागून पाहा. कमान उमटली आणि टाच आत वळली, तर पाऊल लवचीक आहे. बूट त्याला सरळ धरू शकतो. काहीच हललं नाही, तर पाऊल ताठर आहे. अशा पावलाला वळण लावायला जाऊ नका. ते आहे त्या आकारात सांभाळून घ्यायचं, जिथे दाब पडतो तिथे मऊपणा द्यायचा, इतकंच.

याच टप्प्यावर काही लोकांना कारागिराकडून उठवून डॉक्टरकडे पाठवावं लागतं. मोठ्या माणसाचं एकच पाऊल अलीकडे सपाट होत चाललं असेल, आतल्या घोट्याखाली सूज असेल आणि त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर कमान धरून ठेवणारा स्नायूबंध निकामी होत असण्याची शक्यता असते. कमान वाढत वाढत उंच होत असेल, पाय लुळा किंवा बधिर वाटत असेल, तर मूळ मज्जातंतूंमध्ये असू शकतं. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना गेली असेल, तर घरगुती प्रयोग अजिबात नको. टोचलेलं त्या माणसाला कळतच नाही.

आणि दुखत नसलेल्या लवचीक सपाट पावलाला काहीही करायची गरज नसते. लहान मुलांचे तळवे सपाटच असतात, कमान वयाच्या पहिल्या दहा वर्षांत हळूहळू उमटते. आई-वडिलांना हे पटवणं बूट शिवण्याहून अवघड आहे.

मापं

संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल दिवसभराच्या भाराने फुगलेलं असतं. दोन्ही पायांची घ्या, आणि उभं करूनच.

पाऊल कागदावर गिरवताना पेन्सिल खांबासारखी सरळ उभी हवी. ती तिरपी होऊन कमानीखाली शिरली की आकृती आतल्या बाजूला अरुंद येते, आणि सपाट पावलात नेमकी तीच बाजू रुंद असते. चवड्याच्या दोन्ही बाजूंची हाडं कागदावर टिंब देऊन दाखवा. टाचेपासून अंगठ्याच्या बुडाच्या त्या हाडापर्यंतचं अंतर वेगळं मोजा. दोन माणसांच्या पावलांची एकूण लांबी सारखी असूनही हे अंतर वेगळं असू शकतं, आणि बूट कुठे दुमडणार ते यावरून ठरतं. सगळ्यात लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. कित्येकांचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, हे विसरू नका.

आता कमानीचं माप. आतल्या घोट्याच्या पुढे आणि थोडं खाली एक हाड बोटाला लागतं, नॅव्हिक्युलर. त्यावर पेनाने टिंब द्या. माणूस खुर्चीवर बसलेला असताना जमिनीपासून टिंबाची उंची मोजा, मग उभं करून पुन्हा मोजा. समजा बसताना ४४ आणि उभं राहिल्यावर ३१ मिलिमीटर आली, तर कमान १३ मिलिमीटर खचते. १० च्या वरची घसरण साधारणपणे जास्त समजली जाते. हा आकडा पुढे इनसोल, म्हणजे बुटात पावलाखाली बसणारा थर, घडवताना लागणार आहे.

फर्मा आणि बुटाचा सांगाडा

फर्मा म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पावलाच्या आकाराचा साचा. गिरवलेली आकृती त्याच्या तळाशी धरून पाहा. सपाट पावलासाठी सरळ घडणीचा फर्मा लागतो. कमरेपाशी, म्हणजे मधल्या अरुंद भागात, आत खूप वळलेला फर्मा घेतला, तर पावलाची आतली कड सोलबाहेर लोंबते आणि वरच्या चामड्यावर रेलते. तेच चामडं महिन्याभरात फुगवट्यासारखं बाहेर येतं. उंच कमानीला अडचण वर असते: पावलाची पाठ उंच, म्हणून तिथला घेर फर्म्यावर वाढवून घ्यावा लागतो.

इनसोल जागा खातो. पाच-सहा मिलिमीटरचा इनसोल नंतर घालायचा असेल, तर तेवढी खोली फर्म्यावरच धरा. ती नसली की टाच वर उचलली जाते, मागच्या भिंतीची पकड सुटते आणि बूट चालताना निसटतो. तयार बुटात जाड इनसोल कोंबून निराश झालेले लोक याच कारणाने निराश झालेले असतात.

टाचेमागची ताठ भिंत, म्हणजे काउंटर, हा या बुटाचा कणा. अंगठ्याने दाबली तर ती चेपता कामा नये. सपाट पावलासाठी तिची आतली बाजू पुढे नॅव्हिक्युलरच्या टिंबापर्यंत लांबवा. सोलच्या टाचेचीही आतली बाजू साधारण १२ मिलिमीटर पुढे काढता येते. ह्यू ओवेन थॉमस या १९ व्या शतकातल्या ब्रिटिश शल्यचिकित्सकाच्या नावावरून तिला थॉमस टाच म्हणतात. जुनी युक्ती आहे, पण पुढे सरकलेला तो पाया कोसळणाऱ्या बाजूच्या नेमका खाली येतो.

टाच आणि चवडा यांच्या मध्ये शँक, म्हणजे पोलादाची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी हवीच. तयार बूट दोन्ही टोकांनी धरून वाकवा: तो फक्त चवड्यापाशी दुमडला पाहिजे. मग ओलं फडकं पिळतात तसा पिळून पाहा, मधला भाग पिळवटला जाऊ नये.

चवड्याशी दुमडण्याचा आग्रह उगाच नाही. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक चिवट पट्टा ताणलेला असतो. चालताना अंगठा वर दुमडला की हा पट्टा त्याच्या बुडाशी गुंडाळला जातो, विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा, आणि कमान वर खेचली जाते. हिक्स यांनी १९५४ मध्ये याला रहाटाचंच नाव दिलं. बूट पुढे ताठ केला, तर शरीराने फुकट दिलेला हा आधार आपणच बंद करतो.

बूट बांधायला नाडी हवी. नुसत्या पाय सरकवायच्या बुटात कितीही चांगला इनसोल घाला, पाऊल त्यावर टिकत नाही.

इनसोल

पाया मध्यम कडक ईव्हीए फोमचा, शोर ए या कडकपणाच्या मापात ५० च्या आसपास. वर तीन मिलिमीटर मऊ थर आणि त्यावर अस्तर. सगळाच इनसोल मऊ केला, तर दुकानात हात लावल्यावर छान वाटतो आणि अंगाचा भार पडताच बसतो.

पहिल्यांदा टाचेची वाटी. १५ मिलिमीटरच्या आसपास खोल, टाचेभोवती अंगासरशी. मग वाटीखाली आतल्या बाजूने पाचर. ६० मिलिमीटर रुंद टाचेखाली ४ अंशांची पाचर म्हणजे आतल्या कडेला साधारण ४ मिलिमीटर जाडी, बाहेरच्या कडेला शून्य. घासणीच्या चाकावर ती इतकी निमुळती करा की बोट फिरवल्यावर कड कुठे संपली ते कळू नये.

कमानीचा भराव यानंतर. त्याचा सर्वोच्च बिंदू नॅव्हिक्युलरच्या किंचित मागे, टाचेच्या बाजूला येतो. बहुतेक नवशिके तो पुढे नेतात आणि तिथला ताणलेला पट्टा दाबून बसतात. आपल्या उदाहरणातली १३ मिलिमीटरची घसरण एका झटक्यात भरू नका. मी पहिल्या खेपेला चार-पाच मिलिमीटरच परत घेतो, आणि महिन्याभराने पावलाने मागितलं तर दोन-दोन मिलिमीटरची चकती खालून लावतो. कडक थर चवड्याच्या हाडांच्या दहा मिलिमीटर मागे संपवा, पुढे फक्त मऊ थर जाऊ द्या.

कमान आडवीही असते, चवड्याच्या रुंदीत. ती बसली की मधल्या बोटांच्या बुडाशी आग होते. तिथे छोटी गादी लावतात, पण दुखऱ्या जागेवर नव्हे, तिच्या लगेच मागे. जागा शोधायला लिपस्टिकसारखं साधन नाही. दुखणाऱ्या हाडावर एक ठिपका द्या, इनसोलवर उभं करा, ठिपका छापून येतो. गादीचं पुढचं टोक त्या छापाच्या मागे थांबलं पाहिजे. एकदा मी ती नेमकी छापावर चिकटवली आणि बाईंनी दोन पावलांत बूट काढून फेकला.

उंच कमान असेल तर

इथे जवळजवळ सगळं उलटं होतं. हे पाऊल ताठ असतं, धक्का गिळत नाही, आणि सगळा भार टाच आणि चवडा या दोनच ठिकाणी पडतो. कमानीखाली भराव द्यायचा तो उचलण्यासाठी नाही. अधांतरी राहिलेल्या तळव्याने थोडा भार वाटून घ्यावा म्हणून. तो मऊ हवा आणि तळव्याला नुसता टेकलेला. टाचेखाली आणि चवड्याखाली गादी वाढवा. आतल्या बाजूची पाचर अजिबात नको, हे पाऊल आधीच बाहेर कलतं आणि घोटा मुरगळतो. सोलची टाच रुंद ठेवून बाहेरची कड थोडी आणखी पसरवा.

बाहेरून पाचर द्यायची का, हे ठरवायला कोलमन यांची लाकडी ठोकळ्याची चाचणी उपयोगी पडते. टाच आणि पावलाची बाहेरची कड साधारण अडीच सेंटिमीटर जाड ठोकळ्यावर ठेवायची, अंगठ्याचं बूड आतल्या बाजूने खाली सोडायचं. टाच सरळ झाली, तर खोट पुढच्या भागात आहे: अंगठ्याचं बूड खाली घुसलेलं आहे. मग इनसोलमध्ये त्या बुडाखाली खळगा करा आणि चवड्याच्या बाहेरच्या बाजूला पाचर द्या. टाच हलली नाही, तर पाचरीचा नाद सोडा. नाडी ओवताना पावलाच्या सर्वांत उंच जागेवरचं एक भोक वगळलं, की तिथला दाब लगेच कमी होतो.

घालून पाहणं

पहिल्या दिवशी एक तास, तेही घरातच. मग रोज एकेक तास वाढवा. बूट काढल्यावर तळवा पाहा. हलकी लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक, टिकून राहिली तर त्या जागेचा भराव घासून कमी करा. पिंडरीत किंवा गुडघ्यात थोडा शीण पहिल्या आठवड्यात येऊ शकतो. दुखणं रोज वाढत असेल, तर बूट बाजूला ठेवा आणि मापं पुन्हा काढा.

माणसाला बूट घालून एका पायावर उभं करा, पाच-सहा पायऱ्या उतरायला लावा आणि मागून बघत राहा. सपाट जागी सरळ दिसणारी टाच पायरी उतरताना आत ढळते का, ते तेव्हाच कळतं.

इनसोल देण्याआधी कॅलिपरने टाचेखालची आणि कमानीखालची जाडी मोजा आणि त्याच्या खालच्या अंगाला पेनाने तारखेसह लिहून ठेवा. फोम दाबून दाबून बसतो, आणि वापरणाऱ्याला ते कळत नाही कारण रोज केसभरच बसतो. सहा महिन्यांनी तो माणूस येईल तेव्हा खालचं लिहिलेलं वाचा आणि पुन्हा मोजा. दोन मिलिमीटर गेले असतील तर नवा थर चढवा.