लाइव्ह स्ट्रीमवर गर्दी झाली की हल्ला? नव्यांसाठी थोडं कामाचं

हिंजवडी-खराडीतल्या क्लाउड सिक्युरिटीच्या मुलाखतींसाठी बरेच जण डीडॉसचे (अनेक यंत्रांवरून मागण्यांचा भडिमार करून सर्व्हर पाडायचा हल्ला) प्रकार पाठ करून जातात. स्ट्रीमिंगच्या कामात त्याआधी गर्दीचा हिशेब यायला हवा. विसर्जन मिरवणुकीचं थेट प्रक्षेपण १०,००० जण बघत असतील आणि प्रत्येकाला ३ एमबीपीएस लागत असेल, तर झाले ३० जीबीपीएस. एचएलएस म्हणजे व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवायची पद्धत. तिचे तुकडे ६ सेकंदांचे धरले, तर प्लेअर दर ६ सेकंदांनी एकदा प्लेलिस्ट (तुकड्यांची यादी) आणि एक तुकडा मागतो. म्हणजे सेकंदाला साधारण ३,३०० रिक्वेस्ट, तेही सगळं सुरळीत असताना. कसबा गणपती अलका चौकात पोचला की आकडा एकदम उसळू शकतो.

त्यामुळे नुसत्या आकड्यावरून हल्ला ओळखू नका. कॅश हिट रेशो बघा, म्हणजे किती मागण्या कॅशमधल्या (साठवून ठेवलेल्या) प्रतीतूनच भागल्या त्याचं प्रमाण. खरे प्रेक्षक सगळे तेच तुकडे मागतात, म्हणून गर्दीत हा रेशो टिकतो, बहुतेकदा वाढतोच. हल्लेखोराला सीडीएन (प्रेक्षकांच्या जवळ प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरचं जाळं) ओलांडून ओरिजिन, म्हणजे आपला मूळ सर्व्हर, गाठायचा असतो. तो यूआरएलच्या शेवटी दर वेळी नवं क्वेरी स्ट्रिंग (‘?’ नंतरचा भाग) जोडतो, नाहीतर अस्तित्वातच नसलेले तुकडे मागतो. मग रेशो कोसळतो आणि ओरिजिनला धाप लागते.

उपाय कॅश-कीपासून (कॅश ज्या नावाने प्रत साठवतो आणि शोधतो ते) सुरू होतो. नको ती क्वेरी स्ट्रिंग कीमधून काढा. इथे नवे लोक हमखास फसतात: प्रेक्षकाचं साइन केलेलं टोकन (यूआरएलमधला त्याचा वेगळा प्रवेश-पास) कीमध्ये राहिलं, तर प्रत्येकासाठी तोच तुकडा नव्याने ओरिजिनवरून येतो आणि हल्ल्याविनाच सर्व्हर झोपतो. टोकन एजवर (सीडीएनच्या प्रेक्षकाजवळच्या सर्व्हरवर) तपासायचं, कीमध्ये घ्यायचं नाही. ४०४ चं (‘फाइल सापडली नाही’) उत्तरही कॅश करा, पण सेकंदभरच. जास्त ठेवलं तर नुकताच तयार झालेला तुकडाही ‘नाही’ म्हणून परत जातो आणि चित्र अडकतं. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर कॅशसाठी वापरत असाल तर त्यातलं प्रॉक्सी कॅश लॉक (proxy_cache_lock) चालू करा. एकाच तुकड्यासाठी शंभर मागण्या आल्या तरी ओरिजिनकडे एकच जाते.

ओरिजिनच्या फायरवॉलमध्ये फक्त सीडीएनला वाट द्या. एन्कोडर (कॅमेऱ्याचं चित्र स्ट्रीमसाठी तयार करणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) ज्या आरटीएमपी पद्धतीने व्हिडिओ ओरिजिनला पाठवतो, तिचं १९३५ पोर्ट जगाला उघडं ठेवू नका. एन्कोडरच्या आयपीपुरतं ठेवा.

रेट लिमिट (ठरावीक वेळेत किती रिक्वेस्ट चालतील याची मर्यादा) आयपीवर लावाल तर आपलेच प्रेक्षक बाहेर पडतील, कारण मोबाइल कंपन्यांच्या एका आयपीमागे हजारो फोन असू शकतात. टोकनवर लावा. वरच्या हिशेबाने एका प्रेक्षकाच्या मिनिटाला २० रिक्वेस्ट होतात. ऑडिओ वेगळा असेल तर ४०. सुरुवातीला प्लेअर घाईने तुकडे ओढतो, म्हणून ८० ची मर्यादा बरी.

एक प्रकार मात्र हिट रेशोतून निसटतो. वैध टोकन घेऊन कोणी कॅशमधलेच तुकडे रात्रंदिवस ओढत राहिलं, तर रेशो उत्तम दिसतो आणि बिल फुगतं. बजेट अलर्ट पहिल्याच दिवशी लावा आणि टोकनची मुदत कमी ठेवा.

सरावाला लॅपटॉप पुरतो: एफएफएमपेग या व्हिडिओच्या टूलने एक व्हिडिओ फिरता ठेवा, एनजिनएक्सचे दोन सर्व्हर चालवा (एक ओरिजिन, एक कॅश) आणि के६ या लोड टेस्टिंगच्या टूलने भार टाका. दुसऱ्याच्या सर्व्हरवर हे करून बघू नका. आयटी कायदा २००० च्या कलम ४३ व ६६ नुसार तो गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कॅशच्या लॉगमध्ये प्रत्येक ओळीवर हिट की मिस हे छापून घ्या. एकदा क्वेरी स्ट्रिंग कीमध्ये ठेवून, एकदा काढून चालवा आणि मिसच्या ओळी मोजा.