वनस्पतीजन्य घटक आणि त्वचेचे संशोधन : बेळगाव सीमाभागातून या वाटेला येणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जीवरसायन, औषधनिर्माणशास्त्र किंवा आयुर्वेद शिकून संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणती वनस्पती घेऊ?’ हाच असतो. खानापूरचे जंगल हाकेच्या अंतरावर असताना तो प्रश्न स्वाभाविकच आहे. मात्र माझ्या अनुभवाने त्याआधी दुसऱ्या एका प्रश्नाची सवय लागायला हवी : चाचणीत दिसणारा परिणाम त्वचेच्या पेशीवर झालेला आहे, की अर्काने केवळ चाचणीच्या रसायनावर केलेला आहे?

हे उदाहरणानेच कळेल. प्रयोगशाळेत तुमच्या हाती प्रथम येणारी चाचणी बहुधा एमटीटी असेल. तिच्यात जिवंत पेशी एका पिवळ्या रसायनाचे जांभळ्या फॉरमॅझानमध्ये रूपांतर करतात आणि रंग जितका गडद, तितक्या पेशी जिवंत मानल्या जातात. वनस्पतींतील अनेक पॉलिफेनॉल (ऑक्सिडीकरण रोखणारी नैसर्गिक रसायने) हेच रूपांतर पेशींशिवायही घडवतात. म्हणून ९६ खान्यांच्या प्लेटमध्ये फक्त अर्क आणि रसायन असलेली, पेशी नसलेली एक ओळ असायलाच हवी. मी कोणाचाही आलेख पाहताना ती ओळ आधी शोधतो, आणि ती नसेल तर पुढचे आकडे कितीही आकर्षक असले तरी त्यांवर विसंबत नाही.

हळदीतील कर्क्युमिनबाबत ही दक्षता दुप्पट लागते. ते स्वतः रंगीत आहे, विशिष्ट प्रकाशात चमकते आणि उजेडात खराब होते. रक्तजल (सीरम) न मिसळलेल्या, सामू ७.२ असलेल्या द्रावणात ३७ अंश सेल्सिअसला अर्ध्या तासात त्याचे बहुतांश विघटन होते. म्हणजे चोवीस तासांच्या प्रयोगात पेशींसमोर बराच काळ कर्क्युमिन नसून त्याचे तुकडे असतात. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकेतील पेटंट भारताच्या सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) आक्षेपानंतर १९९७ मध्ये रद्द झाले, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण परंपरागत ज्ञानाची मालकी सिद्ध होणे वेगळे आणि एखाद्या रेणूचा परिणाम सिद्ध होणे वेगळे.

पेशींवर दिसलेले त्वचेवर दिसेलच असेही नाही, कारण बाहेरचा मृत पेशींचा थर पातळ असूनही अत्यंत चिवट असतो. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) जड रेणू धडधाकट त्वचेतून सहजी आत जात नाहीत, असा ढोबळ नियम आहे. कर्क्युमिनचे वजन सुमारे ३६८, तर मंडूकपर्णीतील एशियाटिकोसाइडचे सुमारे ९५९. त्यामुळे उघड्या जखमेवर अभ्यासलेला परिणाम अखंड त्वचेच्या मलमाला जसाच्या तसा लावता येत नाही. ज्या मंडूकपर्णीविषयी आपण बोलतो ती नेमकी कोणती, हेही आधी पक्के करावे. ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णीही विकली जाते आणि नीरब्राह्मीही. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून, वाळवलेला नमुना क्रमांकासह संग्रहात ठेवल्याशिवाय अर्क काढू नये. भीमगडसारख्या अभयारण्यातून नमुने गोळा करायचे असल्यास वनखात्याची लेखी परवानगी लागते, आणि तिला वेळ लागतो, हे गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.

शिक्षणाच्या सोयी जवळ आहेत. पारंपरिक औषधांवर काम करणारी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे, केएलईची वैद्यकीय व आयुर्वेद महाविद्यालये आहेत, आणि पीएच.डी.च्या शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट या परीक्षेची तयारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून करता येते. मराठी माध्यमातून आल्याचे दडपण बाळगू नये. शोधनिबंधांची इंग्रजी नियमित वाचनाने अंगवळणी पडते.

‘नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीविरुद्ध मात्र सुरुवातीपासून ठाम राहावे, कारण तिचे खंडन आपल्याच परसात आहे. टाचेच्या भेगांना लावलेला बिब्बा काहींना उततो. त्यातील लांब शेपटीचे फिनॉल त्वचेतील प्रथिनांना चिकटतात, शरीराची संरक्षक यंत्रणा त्यांना परके ठरवते आणि बहुधा एक-दोन दिवसांनी पुरळ, फोड येतात. काजूच्या टरफलातील तेल त्याच कुळातले. गाजर गवतातील पार्थेनिनमुळे शेतकऱ्यांना होणारा त्वचादाहही वनस्पतीजन्यच आहे.

म्हणून माणसांवर पॅच टेस्ट (पदार्थ लावलेली पट्टी त्वचेवर चिकटवून प्रतिक्रिया पाहण्याची चाचणी) करण्यापूर्वी, नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआय या वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंदणी झाल्यावरही, संमतिपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत असावे आणि ते वाचून दाखवावे. ‘तुम्हाला ॲलर्जी आहे का?’ या प्रश्नाला बहुतेक जण नाही म्हणतात. ‘कधी बिब्बा उतला होता का, काजू फोडताना हात भाजले होते का?’ असे विचारले की खरी माहिती मिळते. पट्टी ४८ तासांनी काढून एकदा नोंद घ्यावी, आणि उशिरा उमटणारी प्रतिक्रिया सुटू नये म्हणून ७२ ते ९६ तासांच्या दरम्यान त्या व्यक्तीला पुन्हा बोलवावे. गावाहून येणाऱ्यांचा दुसऱ्या फेरीचा एसटीचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावा.