कपाटाच्या दारात किती वेळ थांबायचं?

दर मे महिन्यात मी आमच्या वाचनालयाच्या गच्चीवर पाचवी ते आठवीच्या मुलांचं पटकथेचं शिबिर घेते. मुलं घरून आवडीची गोष्ट आणतात, बहुतेक वेळा राक्षसाची किंवा जादूची, आणि दहा दिवसांत तिची मोबाइलवर वीस मिनिटांची फिल्म करतात. पहिल्या वर्षीची पटकथा मीच लिहिली होती. फिल्म दाखवली तेव्हा बाराव्या मिनिटाला पहिल्या रांगेत वेफर्सची पाकिटं फुटायला लागली. पडद्यावर राक्षस धावत होता, राजपुत्र धावत होता, कॅमेरा धरलेला मुलगाही धावत होता. तेव्हापासून लिहायला बसण्याआधी आम्ही दोन दिवस एक तयार रूपांतर उसवून बघतो. ते कसं, ते सांगते.

आम्ही सी. एस. लुईस यांचं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) घेतो आणि त्यावरचा अँड्र्यू अॅडमसन यांचा २००५ चा सिनेमा. गोष्ट पीटर, सुझन, एडमंड आणि ल्यूसी या चार भावंडांची: एका कपाटातून ती बर्फाळ, जादूच्या दुनियेत पोचतात, आणि तिथे राज्य असतं एका चेटकिणीचं.

आधी पुस्तक. प्रकरणं सतरा, प्रत्येकाला वहीत एकच ओळ. काय घडलं ते लिहायचं नाही, कोणाच्या मनात काय हललं ते लिहायचं. ‘ल्यूसी कपाटात शिरली’ ही ओळ खोडा. ‘ल्यूसीवर घरात कुणाचा विश्वास नाही’ ही ठेवा. मग सिनेमा लावा, हातात स्टॉपवॉच घ्या आणि त्या ओळींसमोर मिनिटं मांडा. कुठे पुस्तकातलं वाक्य ताणलंय, कुठे आख्खं पान गिळलंय, ते आपोआप दिसतं.

सुरुवातच बघा. लंडनवरच्या हवाई हल्ल्यांमुळे मुलांना गावी पाठवलं, हे लुईस दुसऱ्याच वाक्यात सांगून मोकळे होतात. सिनेमा मात्र बॉम्बफेकीनेच उघडतो. घरातली सगळी परसातल्या बॉम्बनिवाऱ्याकडे पळत असताना एडमंड मागे वळतो, वडिलांचा फोटो आणायला, आणि पीटर त्याच्यावर खेकसतो. ही मिनिटं वाया गेलेली नाहीत. पुस्तकातला एडमंड मुळातच खवचट आहे, आणि तो त्याच्या शाळेत बिघडला असं लुईस पुढे कधीतरी सांगतात. पडद्यावर इतकं उशिरा सांगून चालत नाही. तोवर मुलांनी त्याला व्हिलन ठरवून टाकलेलं असतं. फोटोमुळे कळतं की याला बाबा हवेत आणि मिळतोय फक्त दादाचा ओरडा.

मिठाईचंही तसंच. चेटकिणीच्या टर्किश डिलाइटसाठी हा भावंडांना विकतो, हे आमच्या मुलांना पटतच नाही. (‘ताई, एवढ्याशा खाऊसाठी?’) मग मी सांगते की युद्धात ब्रिटनमध्ये साखर रेशनवर होती आणि गोळ्या-चॉकलेटवरचं रेशन १९५३ मध्ये उठलं. म्हणजे पुस्तक आलं तेव्हाही ते चालूच होतं. तुमच्या पात्राचा हावरटपणा लिहाल तेव्हा त्याला काय मिळत नाहीये, ते आधी दाखवा.

आता कपाट. इथे सिनेमा मुद्दाम रेंगाळतो: ल्यूसी पाठमोरी मागे सरकते, फरचे कोट, मग हाताला टोचणारी झाडाची पानं, मग बर्फ. जादूच्या दारात घाई करायची नाही. आमची मुलं इथे ‘आणि ती जादूच्या दुनियेत पोचते’ एवढं लिहून पुढे पळतात. मी त्यांना पाच शॉट लिहायला लावते आणि पाचही हाताचे किंवा पायाचे. चेहरा सहावा.

वितळणाऱ्या नदीचा प्रसंग पुस्तकात नाहीच. लांडगे, फुटणारा बर्फ, पीटरच्या हातात तलवार, सगळा गोंधळ. मला त्यातला अर्धा काढून टाकावासा वाटतो. पण शेवटी पाण्यातून वर आल्यावर पीटरच्या मुठीत ल्यूसीचा नुसता कोट उरतो, तो क्षण मी कुणाला काढू देणार नाही. थोरल्याची सगळी जबाबदारी त्या ओल्या कोटात आहे. धावपळ लिहिलीत की स्वतःला विचारा, यात कोट कुठे आहे? नसेल तर धावपळ दोन ओळींत आटपा.

लढाईबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे. पुस्तकात आपण बराच वेळ मुलींबरोबर असतो, रणांगणावर उशिराच पोचतो, आणि एडमंडने चेटकिणीची कांडी तोडली हे पीटरच्या तोंडून कळतं. सिनेमाने ते समोर दाखवलं, बरोबरच केलं. पण बाकीची लढाई लांबली. अर्थात आमची मुलं यावर माझ्याशी भांडतात.

शेवटी स्वतःची पटकथा उभं राहून, घड्याळ लावून, मोठ्याने वाचा. ऐकणारा चुळबुळ करायला लागला की तिथे पेन्सिलीने रेघ मारा.

आणि शूटिंगची एक युक्ती. ल्यूसी झालेल्या जॉर्जी हेन्लीला बर्फाच्या सेटवर पहिल्यांदा डोळे बांधून नेलं होतं, म्हणून तिच्या चेहऱ्यावरचं नवल खरं आहे. गेल्या मे महिन्यात आम्ही पाण्याच्या टाकीमागे दिव्यांच्या माळा सोडल्या, पुढे चादर लावली आणि आमच्या नायिकेला तिकडे फिरकूच दिलं नाही. चादर ओढली तेव्हा ती संवाद विसरली आणि म्हणाली, ‘अय्या, ही आपलीच टाकी?’ कॅमेरा हलला, मागे कुणीतरी हसलं. तोच टेक ठेवला.