आधी समोरच्याची बाजू, मग आपली

शाळेत मी तीस वर्षं वादविवाद स्पर्धेसाठी मुलं तयार केली. पालक म्हणायचे, "बाई, राजकीय विषय कशाला? भांडणं लागतात." लागतातच. म्हणून तर नीट भांडायला शिकवायचं.

सुरुवात १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यापासून करा. मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेलं किमान वय, दहावरून बारा करायचं होतं. 'सुधारक'मधून आगरकर बाजूने, 'केसरी'मधून टिळक विरोधात. दोघंही आज कुठल्या वॉर्डात उभे नाहीत, त्यामुळे संध्याकाळी कुणाच्या वडिलांचा फोन येत नाही.

पहिला अख्खा तास पूर्वपक्षाला, म्हणजे समोरच्याची बाजू मांडायला, द्या. ज्याला आगरकर पटतात त्याने टिळकांची बाजू सांगायची. टिळकांकडची मुलं "हो, आम्हाला हेच म्हणायचंय" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. इथेच गाडी अडते. "टिळकांना बालविवाह हवे होते" असं हमखास कुणीतरी लिहून आणतं. खोडा. परक्या सरकारने कायदा करून आमच्या धर्मात हात घालू नये, सुधारणा समाजाने आपणहून करावी, हा त्यांचा मुद्दा होता. तो असा मांडला की खोडून काढणं जड जातं, जावंच. एका वर्षी आठवीतल्या एका मुलीने बराच वेळ विचार करून विचारलं, "बाई, मग समाज सुधारेपर्यंत बंगालातल्या फुलमणी दासीने थांबायचं होतं का?" नवऱ्याच्या जबरदस्तीने मेलेली ती पोर. वर्ग चिडीचूप.

माणसावर घसरायचं नाही. लोकसभेतही कुणावर बदनामीचा आरोप करायचा तर नियम ३५३ प्रमाणे अध्यक्षांना आधी नोटीस द्यावी लागते. आकडा सांगितला की कुठून आणला तेही सांगायचं, नाहीतर मुद्दा बाद. दोघांना सारखी मिनिटं दिली म्हणून दोघांचं सारखंच खरं होत नाही.

वेळ चार मिनिटं. तिसऱ्याला एक घंटा, चौथ्याला दोन. लाडक्या विद्यार्थ्यालाही तितकीच जोरात वाजवा. एकदा माझा हात थबकला, अर्धं मिनिट गेलं असेल. तो पहिला आला. समोरच्या मुलीने पुढच्या वर्षी नावच दिलं नाही. कारण मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

आणि कुणी कुठली बाजू घ्यायची ते त्याच सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरवा. आदल्या दिवशी कळलं, की भाषण घरचे लिहून देतात.