चारचौघांत आपलं मत टिकवायचं कसं?

मीटिंगमध्ये सगळे हो म्हणाले की आपलीही मान आपोआप हलते ना, माझी तर हलतेच, आणि बाहेर आल्यावर वाटतं अरे मला तर हे पटलंच नव्हतं! सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात एका प्रयोगात लोकांना गटात बसवून नुसत्या रेघांची लांबी विचारली होती, बाकीचे (सगळे आधीच पढवलेले) मुद्दाम चुकीचं बोलले तर जवळपास ७५ टक्के लोकांनी निदान एकदा तरी त्यांच्यामागे जाऊन चुकीचंच उत्तर दिलं, समोर धडधडीत दिसत असून.

म्हणून आत जायच्या आधीच आपलं मत दोन ओळीत मोबाईलवर टाईप करून ठेवा, डळमळायला लागलं की तेच बघून वाचायचं. आणि एक जोडीदार गाठा, एकच पुरतो, ॲशच्याच प्रयोगात बरोबर बोलणारा एक जण सोबत असला की लोकांचं वाहवत जाणं खूपच कमी झालं.

गर्दीत मदत हवी असेल तर मात्र उलटं, "कोणीतरी बघा ना" असं ओरडून उपयोग नाही कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल, सरळ बोट दाखवायचं, "ओ निळा शर्ट, तुम्ही, ॲम्ब्युलन्सला फोन लावा".