गावाला जाण्यापूर्वी एसीची तयारी
मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि नेमक्या त्याच वेळी शाळांना सुट्ट्या असल्यामुळे अनेक घरे आठ-पंधरा दिवस कुलूपबंद राहतात. अशा वेळी एसी केवळ रिमोटने बंद करून निघणे पुरेसे नाही. खोली थंड करताना आतल्या कॉइलवर हवेतील बाष्पाचे पाणी जमते. ती तशीच ओली राहिली, तर तिच्यावर बुरशी धरू शकते आणि परतल्यावर पहिल्याच झोताला कुबट वास येतो. म्हणून शेवटचा अर्धा-पाऊण तास एसी फक्त फॅन मोडवर चालवावा, जाळी धुऊन पूर्ण वाळल्यावरच बसवावी आणि मग स्टॅबिलायझर बंद करून एसीचा एमसीबीही (विजेच्या बोर्डातील त्याचा सुरक्षा स्विच) खाली करावा. यांपैकी एमसीबीचे काम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो, कारण वळवाच्या वादळात वीज जाते-येते तेव्हा दाबातील चढउताराने सर्किट बोर्ड जळू शकतो. फ्रिजचा एमसीबी मात्र चुकून पाडू नये. रिमोटमधील सेल काढून ठेवावेत. घरात कूलरही असेल, तर त्याची टाकी पूर्ण उपसून कोरडी पुसावी. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास आठ-दहा दिवसांत तयार होतात.